पिंपवाल्याची बर्बन

"वहिनी, आधी दार लावून घ्या," हातोड्या म्हणाला आणि त्यानं कोटाच्या आतून बाटली काढली.

पलंगावरच्या तिच्या नवऱ्यानं मान वळवली. बरेच दिवस त्याची नजर कशावरच ठरत नव्हती. ती त्या बाटलीवर ठरली.

दोघं पिंपांच्या कारखान्यात शेजारीशेजारी उभे राहून म्हातारे झाले होते. हातोड्या पिंपांवर लोखंडी कड्या ठोकायचा, हा ती आतून जाळायचा. ओक लाकडाचं नवं पिंप आतून काळं झाल्याशिवाय बर्बन व्हिस्कीला ना रंग चढतो, ना चव; आणि जाळणं चुकलं तर ती तुरट होते. मग ती पिंपं भरून गोदामात जात आणि वर्षानुवर्षं अंधारात पडून राहत.

"तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षाची आहे ही," हातोड्या म्हणाला. "आठ वर्षं मुरलीय. आणि किंमत आपल्यासारख्याला परवडेल अशी. कंपनीला उशिरा का होईना, अक्कल आली."

"कशी झालीय?" नवऱ्याचा आवाज फाटक्या कापडासारखा निघाला.

"मला काय विचारतोस? मला सगळ्या सारख्याच. चढली की झालं." हातोड्या एकटाच हसला, मित्राच्या पायावर हात ठेवून जरा बसला आणि डोळे भरून यायच्या आत उठून गेला.

ती बाटलीकडे बघत राहिली. तिच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं. म्हणून लग्नाआधी तिनं एकच शब्द मागितला होता, थेंबालाही शिवायचं नाही. त्यानं तो पाळला. कारखान्याच्या मेजवानीत सगळ्यांच्या हातात ग्लास असायचा आणि याच्या हातात पाणी. लोक थट्टा करायचे, तो हसण्यावारी न्यायचा. ती मात्र चारचौघींत अभिमानानं सांगायची.

आता त्याच्या घशात गाठ होती. अन्न नळीतून थेट पोटात जात होतं. किरणांनी तोंड सोललं होतं आणि डॉक्टरांनी पुढच्या तारखा देणं बंद केलं होतं.

तिनं बूच काढलं, कापसाचा बोळा बुडवला.

"घ्या. मी तुम्हाला शब्दातून मोकळं केलं."

बोळा जिभेला लागला मात्र, त्याचं अंग ताठ झालं. मुठीत चादर गोळा झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं घाईघाईनं पाण्याचा बोळा फिरवला, ओठ पुसले, आणि पलंगाच्या कडेवर कपाळ टेकून बसली.

"आयुष्यभर कोरडं ठेवलं मी तुम्हाला," ती म्हणाली. "आणि आता देतेय, तेव्हा हे असं."

कळ ओसरल्यावर तो बोलला. "चव कळलीच नाही. नुसती आग."

"वास तरी घ्या. ग्लास धरते नाकाशी."

"वास जन्मभर घेतला. चव सांग. तू पी."

"मला नाही जमायचं."

"मग आता विचारू कुणाला?"

तिनं औषधाच्या छोट्या कपात थोडी ओतली आणि डोळे मिटून काढा गिळावा तशी गिळली. ठसका लागला, छातीत जाळ उतरला.

"विष आहे हे. जळतंय, बाकी काही नाही."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. इतक्या दुखण्यात त्यानं तिच्याकडे पाठ केली नव्हती.

"थांबा हो. परत घेते. कशी घ्यायची ते तरी सांगा."

"गिळू नकोस लगेच. तोंडात धर."

तिनं धरली. नाक चुरचुरलं, डोळे भरले. या चवीसाठी तिच्याजवळ शब्द नव्हते, होते ते चुलीपाशीचे.

"साखर पातेल्यात वितळते ना, तांबूस होते, पण अजून करपलेली नसते. तसं लागतंय."

त्याची मान परत वळली. "पुढे?"

"मग लाकूड." ती थांबली. "तुम्ही कामावरून यायचात, सदरा काढून खुंटीवर टाकायचात. त्याला जो वास असायचा, तोच आता तोंडात आलाय माझ्या."

त्यानं विचारलं, "शेवटी तुरट आहे का?"

त्याच्या नजरेवरून तिला कळलं की खरा प्रश्न हाच होता. नाही म्हणणं सोपं होतं.

"आहे. जिभेच्या कडेला."

"फार?"

तिनं तिसरा घोट घेतला, नीट घोळवला. "फार नाही. चहा चुलीवर जरा जास्त राहिला तर होतो तेवढा."

"मग जमलंय," तो म्हणाला. "लाकूड आहे ते. तेवढं बोलणारच."

त्याची बोटं तिच्या मनगटावर आली, मग सैल पडली. झोप लागली होती. श्वास घरघरत होता, मध्येच अडत होता, आणि तो अडला की तिचाही अडत होता.

संध्याकाळी नळीतून जेवण द्यायला नर्स आली. दारातच थबकली.

"काकू, तुम्ही प्यायलात?"

"हो."

नर्सनं तिच्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. मग ती खिडकी उघडायला गेली.

"नको," तिनं नर्सला अडवलं. "आत्ताच नको उघडूस. वास जाईल."