भात्यावरचा हात

मी पेटी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण अलीकडे मला बघून लोक भलतंच काहीतरी ठरवतात. मित्रांनो, मी जुनी आहे, हे मला मान्य आहे. माझ्या काही सुरांना दम लागतो, एका पट्टीचा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि ओल्या हवेत मी कुरकुरते. पण मी शोभेची वस्तू नाही. कधी नव्हते आणि या वयात व्हायचा माझा विचारही नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि मग माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म सांगलीचा. एका कारागिरानं सागवानाच्या फळ्या घासून मला घडवलं, पितळेचे सूर एकेक करून कानाशी धरले, तासले आणि जागेवर बसवले. शेवटी मागच्या अंगाला भाता लावला. भाता म्हणजे माझी छाती समजा. डाव्या हातानं तो हलवायचा, आत हवा भरायची आणि उजव्या हातानं पट्ट्या दाबायच्या, तेव्हा कुठे मी बोलते. मला विकत घेतलं ते आत्माराम नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं. त्यांची लखनौला बदली झाली होती आणि परक्या मुलखात घरचं म्हणावं असं काहीतरी त्यांना बरोबर हवं होतं. बायको म्हणाली, लोणच्याची बरणी घ्या. त्यांनी बरणीही घेतली आणि मलाही घेतलं.

आत्माराम निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. विकासनगरात घर केलं, तिथेच त्यांची मुलगी विजया वाढली आणि माझ्याजवळ बसून शिकली. आत्माराम गेल्यावर तिला दोन गोष्टी मिळाल्या, मी आणि त्यांचं रुंद पट्ट्याचं मनगटी घड्याळ. पुढे तिचा नवराही लवकर गेला. पदरात लहान देविका होती. नातेवाइकांनी सांगलीहून फोन केले, परत ये म्हणाले. विजयानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून निशातगंजच्या कथकच्या क्लासमध्ये काम मागायला गेली. तिथल्या गुरू अंतरादीदी. त्यांना लेहरा धरणारं कोणीतरी हवंच होतं.

लेहरा म्हणजे काय ते सांगते. नाच चालू असतो तेव्हा पेटीवर सुरांची एकच ओळ वाजत राहते. तीच ओळ पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. नाचणारीनं कितीही गिरक्या घेतल्या, तबल्याशी कितीही भांडण मांडलं, तरी शेवटी तिला परत यायला एक जागा लागते. ती जागा आम्ही राखून ठेवतो. आम्ही जरा घाई केली किंवा रेंगाळलो तर भर मंचावर तिची फजिती होते. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठंसं, एक ओळ तर वाजवायची. अशा माणसाला माझ्यासमोर बसवावं आणि तासभर उठू देऊ नये.

वर्षानुवर्षं आम्ही दोघींनी ही जागा राखली. अंतरादीदींकडे शिकणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, परदेशात नाचून आल्या. टाळ्या पडल्या, शाली पडल्या. आमच्या वाट्याला आली ती मंचाची कड. फोटोवाला नेहमी नाचणारीवर कॅमेरा धरायचा आणि आम्हाला फोटोबाहेर ठेवायचा. आम्ही नाचणारीकडे तोंड करून बसतो, त्यामुळे माझी मागची बाजू तेवढी चौकटीत यायची. भाता, भात्यावर विजयाचा डावा हात आणि मनगटावर आत्मारामांचं घड्याळ. बाकीची विजया कापलेली. मला फार राग यायचा. विजयाला येत नव्हता, निदान ती तसं दाखवत नव्हती.

मग यंदाचा उन्हाळा आला. आम्ही क्लासहून घरी निघालो होतो. निशातगंजच्या वळणावर आमची ई-रिक्षा एका खड्ड्यात गेली आणि कलंडली. मित्रांनो, माणूस पडताना हात जमिनीला टेकतो. विजयानं हात माझ्याखाली घातला. मी तिच्या हातावर पडले. मला एक ओरखडासुद्धा आला नाही. घड्याळाची काच फुटली आणि तिचं डावं मनगट मोडलं.

लोक धावून आले. देविका दवाखान्यात पोचली तेव्हा रडत रडत ओरडली, "आई, बाजा टूट जाता तो टूट जाता ना! हाथ क्यों लगाया?"

"सवयीनं गेला गं," विजया म्हणाली.

एक ऑपरेशन झालं. त्यात हातातल्या बांगड्या गेल्या, साठवलेलं होतं ते गेलं. डॉक्टरांनी बजावलं की दुसरं ऑपरेशन लवकर करायला हवं. उशीर झाला तर मनगट असंच ताठ राहील आणि भाता कायमचा सुटेल. इकडे क्लासमध्ये मोबाइलवरचा लेहरा सुरू झाला. अंतरादीदींना ते मनापासून आवडत नव्हतं, पण मुलींचा सराव थांबवून कसं चालेल? क्लासमध्ये डोकावून आली की देविका म्हणायची, मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि लेहऱ्याच्या जागी रिंगटोन वाजतो. तेवढं ऐकून मला बरं वाटायचं. मी काही संत नाही.

अशात मलिहाबादचे जयसिंग आले. आमराईत त्यांनी पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता आणि त्यासाठी ते जुन्या वस्तू शोधत फिरत होते. माणूस वाईट नव्हता, बोलणंही अदबीचं. त्यांनी मला पुढून मागून न्याहाळलं आणि म्हणाले, "बजता है या नहीं, उससे मतलब नहीं, बहनजी. ऊपर एक लैंप रख देंगे, बहुत जँचेगा." जी किंमत त्यांनी सांगितली त्यात ऑपरेशन झालं असतं. विजयानं प्लास्टरवरून उजवा हात फिरवला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी या. सोच के बताती हूँ."

म्हणजे बघा. हात वाचवायला मला विकायचं. आणि वाचलेला तो हात मग ठेवायचा कशावर? त्या रात्री मी इतकी चिडले होते की उकाड्याचं निमित्त झालं आणि माझी फळी कडकड वाजली. देविका दचकून उठली.

अंतरादीदींनी तेव्हा सांगितलं की शहरात कलावंतांना अडचणीत तातडीची मदत देणारी एक संस्था आहे. अर्ज भरला. अर्जासोबत मंचावरचे फोटो हवे होते. देविकानं जुने फोटो काढून जमिनीवर पसरले आणि एकेक उचलून बघितला. तिचा चेहरा उतरत गेला.

"आई, तुम तो किसी में हो ही नहीं."

"आहे की. नीट बघ."

"कहाँ? सिर्फ़ हाथ है."

"तो माझाच आहे ना?" विजया म्हणाली. "दे तेच."

मुलाखतीला वाद्य घेऊन बोलावलं होतं. भर जूनमध्ये, दुपारच्या झळांमध्ये देविकानं मला कडेवर घेऊन जिना चढवला. टेबलामागे दोघं जण होते. मधोमध समितीचे प्रमुख रमाकांतजी आणि बाजूला चेतनाजी नावाच्या एक ज्येष्ठ गायिका. रमाकांतजींनी कागद चाळले, चष्मा वर केला आणि विजयाच्या प्लास्टरकडे बघितलं.

"चोट तो बाएँ हाथ में है. बजाती तो आप दाएँ से हैं ना?"

"जी."

"तो फिर काम तो चल सकता है. इसे आपात स्थिति कैसे मानें?"

देविका काही बोलणार होती. विजयानं तिला डोळ्यांनी थांबवलं. मग उजव्या हातानं तिनं मला टेबलावर हळूहळू फिरवलं, माझ्या पट्ट्या रमाकांतजींकडे केल्या आणि भाता आपल्या बाजूला.

"आप बजाकर देखिए," ती म्हणाली. "दाएँ हाथ से."

रमाकांतजी जरा हसले. त्यांनी एक पट्टी दाबली. मी गप्प. दुसरी दाबली. मी गप्प. मग दोन बोटांनी जोर लावून बघितलं. भात्यात हवाच नव्हती, मी बोलणार कशी? आणि असती तरी त्या दिवशी मी श्वास रोखून धरला असता, हे तुम्हाला खरं सांगते.

"ख़राब है क्या?"

मला एवढं कोणी कधी बोललं नव्हतं.

"ख़राब नहीं है, साहब. साँस नहीं है," विजया म्हणाली आणि देविकाला खूण केली. देविकानं पुढे होऊन भात्याला एकच हिसका दिला. रमाकांतजींचं बोट पट्टीवर तसंच होतं. मी असा सूर काढला की ते खुर्चीत उडाले आणि दारातून शिपाई डोकावून गेला.

विजयानं फोटो पुढे सरकवले. प्रत्येकात तोच भाता आणि भात्यावर तोच हात. शेजारी तिनं फुटक्या काचेचं घड्याळ ठेवलं. "हर फ़ोटो में यही हाथ है. यही टूटा है. अब बताइए, मेरा काम कैसे चलेगा?"

रमाकांतजींनी घसा खाकरला. ते दुष्ट नव्हते, नियमात अडकलेले होते. त्यांनी समजावलं की संस्थेच्या नियमाप्रमाणे साथ करणारे 'कलाकार' धरले जात नाहीत, 'सहायक' धरले जातात. उपचाराचा खर्च कलाकारांना मिळतो. सहायकांसाठी धान्य आणि कंबल आहे. इथे सही केली तर आजच घेऊन जाता येईल.

भिंतीशी खरोखरच कंबलांची चळत होती. जूनमध्ये, लखनौत.

"कंबल ओढ़ने से हड्डी नहीं जुड़ती," विजया म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी तिला ओळखते. "मैं सहायक लिखकर सही नहीं करूँगी. मदद देनी है तो जो मैं हूँ वह लिखकर दीजिए. नहीं देनी है तो हम चलते हैं."

चेतनाजी टेबलावर पुढे झुकल्या. त्या म्हणाल्या, "रमाकांतजी, पट्टी से उँगली हटा लीजिए. अभी तक वहीं रखी है."

आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. कळवू म्हणाले. पण रविवार उजाडला तरी कोणाचा फोन आला नाही.

जयसिंग मात्र ठरल्याप्रमाणे आले. हातात दसहरी आंब्यांचा डबा होता. आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि डबा सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. मनात म्हटलं, झाली सुरुवात. आज आंबे, उद्या लॅम्प. विजया माझ्याकडे बघत उभी होती. तिनं पदरानं माझ्या पट्ट्या पुसल्या. मला कळलं, ती होकार द्यायला निघाली होती.

देविका उठली. एरवी आईनं मराठीत विचारलं की ही हिंदीत उत्तर देणार, हा घरचा नेम होता. तिनं डबा उचलून खाली ठेवला आणि म्हणाली, "नाही विकायची."

"देविका, ऑपरेशन..."

"नाही विकायची, आई. तू पट्ट्यांवर बस. हवा मी देते."

विजया बसली. देविका माझ्या मागे बसली आणि भाता धरला. पहिल्यांदा तिनं मला इतक्या जोरात हलवलं की मी बेसूर ओरडले. "हळू," विजया म्हणाली, "भांडायचं नाही, श्वास द्यायचा." मग हळूहळू जमलं. तीच ओळ, पुन्हा आणि पुन्हा. एका पेटीवर दोघींचा एकेक हात. विजया वाजवता वाजवता रडत होती आणि ओळ मात्र केसभरही सरकली नाही.

जयसिंग निघता निघता दारात थांबले होते. शेवटी म्हणाले, "हमारे यहाँ इस पर लैंप अच्छा नहीं लगेगा." आंबे त्यांनी परत नेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी क्लासला गेलो. अंतरादीदींनी मोबाइल बंद करून कपाटात ठेवला. मुलींनी घुंगरू बांधले. मदत मिळो न मिळो, आमचं काम सुरू झालं होतं, आणि मित्रांनो, त्या दिवसाइतका खणखणीत आवाज माझा नवी असतानाही नव्हता.

संस्थेचा फोन आला तो त्यानंतर, मदत मंजूर झाली म्हणून. चेतनाजींनी समितीत सांगितलं होतं की साथीदारांना सहायक म्हणायचं असेल तर यापुढे त्या संस्थेच्या मंचावर साथीशिवाय एकट्या उभ्या राहून गातील आणि कसं वाटलं ते समितीनं श्रोत्यांना विचारावं. रमाकांतजींनी नियमातला तो शब्द खोडला. विजयाचं दुसरं ऑपरेशन झालं. मनगट आता वळतं, पूर्वीइतकं नाही. लांबचा कार्यक्रम असला की निम्मा वेळ देविकाच हवा देते.

मदत मिळालेल्यांचा संस्थेनं एक छोटा समारंभ केला. विजया माझ्यासह मंचावर गेली. फोटोवाला म्हणाला, "मैडम, बाजा ज़रा साइड में कर दीजिए, फ़्रेम में नहीं आ रहा."

विजया जागची हलली नाही. मीही हलले नाही, मी तर जडच आहे.

म्हणून जाता जाता तुम्हाला सांगते. आम्हाला पुसून कोपऱ्यात ठेवू नका, आमच्यावर फुलदाणी ठेवू नका आणि आम्ही मोडल्यावर कंबल घेऊन येऊ नका. नाच बघायला गेलात तर मंचाच्या कडेलाही एकदा बघा, कोणीतरी तिथे जागा राखून बसलेलं असतं. आणि फोटो काढताना आम्ही चौकटीत मावत नसलो, तर विजयानं त्या फोटोवाल्याला सांगितलं तेच करा.

"बाजा यहीं रहेगा, भैया. आप दो क़दम पीछे जाइए."

तो मागे गेला. आम्ही दोघी मावलो.