एका कान्याचा चमत्कार

औषधाच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. पानबाबांनी ठेचलेल्या पाल्यावर तांब्यातलं 'संजीवन जल' ओतलं आणि पांढराशुभ्र फेस उसळला.

"पाला जिवंत आहे!" बाबा गरजले. मग त्यांनी माझ्या आत्याची हृदयाची गोळी त्याच पाण्यात टाकली. गोळी तळाशी जाऊन गप्प बसली. "आणि ही मेलेली!"

सगळ्यांनी हात जोडले. आत्यानेही जोडले. बाबांच्या पाल्यासाठी गोळ्या सोडल्यापासून तिचे पाय सुजले होते, जिन्यात ती दोनदा टेकली होती. पण श्रद्धेला धाप लागत नाही.

बाबांनी गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला. "कंपनीच छापते बघा! 'विकाराच्या साहाय्याने तयार केलेले.' रोग घालून औषध करतात!"

"विकार नाही, विकर. म्हणजे एन्झाइम," मागून माझी बायको म्हणाली. ती औषधाच्या कारखान्यात या विकरांचंच काम करते. "काना तुम्ही घरून आणलात."

"एका कान्यानं काय होतं गं, सूनबाई?" आत्या म्हणाली.

"जीव जातो, आत्या."

तिने आत्याच्या भाजीच्या पिशवीतला बटाटा कापला आणि त्यावर तांब्यातलं जल ओतलं. तोही फेसाळला.

"बटाट्यातही संजीवनी!" बाबांनी वेळ मारून नेली.

खालच्या दुकानदाराने तांब्याचा वास घेतला. "हे तर जखम धुवायचं औषध. बाबा आमचं जुनं गिऱ्हाईक."

"कच्च्या पानात, बटाट्यात विकरं असतात," बायको म्हणाली. "ती या पाण्यातला प्राणवायू मोकळा करतात, म्हणून फेस. पाला उकळा, विकर मोडेल, बाबांचा चमत्कारही बसेल. आत्या, तुझं औषधही मुळात एका झाडातलंच. झाड ते विकरांनी बनवतं, पण चिमूटभर, आणि कुठल्या पानात किती ते सांगता येत नाही. आम्ही ती विकरं थोडी सुधारून यीस्टकडून तेच औषध करून घेतो. गोळीत ते मोजून असतं."

"म्हणजे बाबांचा फेससुद्धा..." आत्या म्हणाली.

"विकरानंच केला. बिनकान्याच्या."

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा तांब्याकडे बघत होते. ती उठली, म्हणाली, "मला दवाखान्यात न्या." मला एवढं हायसं वाटलं की बटाटा तिथेच राहिला.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आत्या आता जिना न टेकता चढते.

तेव्हा मंडळी, गोळी सोडायची झाली तर डॉक्टरांना विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एक बटाटा कापून बघा.