अकराव्या ग्रीनची डावी बाजू

"याचा मूळ कागद बघायला मिळेल का?" आर्किटेक्टने विचारलं आणि पुस्तक टेबलावर उघडून अकराव्या होलच्या नकाशावर बोट टेकवलं.

बाई चष्मा शोधू लागल्या. चष्मा डोक्यावरच होता, आणि ते पान ओळखायला त्यांना चष्म्याची गरजही नव्हती. त्या पुस्तकातले, गोल्फच्या एका मैदानाच्या अठरा होलचे, सगळे नकाशे त्यांच्याच हातचे होते. सव्वीस वर्षांपूर्वी काढलेले.

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, एवढंच त्या प्रकाशनाचं कार्यालय. खाली कुणी यंत्र चालवून बघितलं की वर पेल्यातलं पाणी थरथरायचं. एका टेबलाशी ब्याऐंशी वर्षांचे प्रकाशक बसत, त्यांना सगळे आप्पा म्हणत. दुसऱ्या टेबलाशी बाई. इथून एकाच विषयाची पुस्तकं निघत: गोल्फची मैदानं कुणी आखली आणि कशी आखली. खेळाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. जमिनीचे उतार, वाळूचे खड्डे, आणि ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचा तो बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, एवढ्यावरच चारशे-चारशे पानं. प्रती तीनशे, प्रत्येकीवर हाताने घातलेला क्रमांक. असली पुस्तकं जमवणारी माणसं जगभरात मिळूनही तेवढीच असतील. आप्पा त्यांना 'आपले वेडे' म्हणत. वेष्टणाचा कोपरा दुमडलेला निघाला तर वेड्यांचे लगेच फोन येत. आतल्या मजकुराबद्दल कुणाचा फोन आल्याचं मात्र बाईंना आठवत नव्हतं.

बाईंचं काम नकाशांचं. मैदानं आखणाऱ्या जुन्या माणसांचे मळके, तेलकट, घड्यांवर फाटलेले कागद यायचे. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने स्वच्छ रेषा ओढायच्या. बत्तीस वर्षं हेच. गोल्फच्या मैदानावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मूळ कागद ज्यांनी ते मैदान आखलं त्यांच्या घरच्यांनी परत नेले," आप्पा आपल्या खुर्चीतून म्हणाले. "मग घर बदलताना गहाळ झाले. आता आहे ते हेच पुस्तक."

"तसं मला वाटलंच होतं," आर्किटेक्ट म्हणाला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, बुटांना माती लागलेला माणूस होता. "क्लबने सगळी ग्रीन्स पुन्हा मुळाबरहुकूम करायला घेतली आहेत. मधल्या लोकांनी सपाट करून टाकली होती. मी तुमच्या पुस्तकावरूनच केली. अकरावं मागच्याच महिन्यात पुरं झालं." मग तो बाईंकडे वळला. "तुम्ही काढलेत ना हे? ही डावी बाजू बघा. उतार आधी तुम्हाला आत घेतो आणि मग असा हळूच सोडून देतो. त्यांनी दुसरीकडे कुठेच असं केलेलं नाही. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम हे."

बाईंनी चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला. आर्किटेक्ट आणखी अर्धा तास बसला, एका जुन्या पुस्तकाची चौकशी केली आणि गेला.

तो गेल्यावर आप्पांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी आप्पांकडे. मग दोघंही आपापल्या कामाला लागले. इतकी वर्षं एका खोलीत काढल्यावर काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत, आणि काही बोलायच्या राहून जातात.

झालं होतं ते असं. अकराव्या होलचा मूळ कागद आला तेव्हा त्याचा डावीकडचा एक तृतीयांश भाग कसरीने खाल्लेला होता. जाळीसारखी भोकं, आणि कडेला तर कागदच नाही. बाईंनी विचारलं होतं, इथे तुटक रेष देऊ का, की कोरं सोडू? छापखान्याची तारीख चार दिवसांवर होती. आप्पा म्हणाले, "करा काहीतरी. सतरा नकाशे पूर्ण आणि एक अर्धवट, बरं दिसेल का?"

त्या दिवसांत बाईंचे वडील रुग्णालयात होते. बाई ड्रॉइंगबोर्ड घेऊन तिकडेच जायच्या आणि खाटेशेजारच्या बाकावर बसायच्या. उरलेले सतरा नकाशे त्यांनी इतक्यांदा गिरवले होते, की त्या माणसाचा हात कुठे वळेल, कुठे थांबेल, हे त्यांना पाठ झालं होतं. म्हणून त्यांनी पेन टेकवलं. पण पेन त्या माणसासारखं वळलं नाही. ते भलतीकडेच गेलं, आत वळलं, रुंदावलं, खाली उतरलं. बाईंनी ते खोडलं नाही. वडील झोपेत कण्हत होते, औषधाचा वास येत होता, आणि तासाभरासाठी बाईंना आपण कुठे बसलोय याचाही विसर पडला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेषांवरून हात फिरवला. आपल्या मनाची म्हणून रेष ओढली ती तेवढीच.

आणि कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही सांगितलं नाही.

घरी थोरली बहीण होती. शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. दोघी मिळून दोन खोल्यांत राहायच्या. ताई भाजी निवडत बसली होती. बाईंनी चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं.

"बरं मग?" ताई म्हणाली. "कुणाचं काय बुडालं? गवतच ना ते?"

"त्यांनी खोदून केलंय गं तसं. दुसऱ्याच्या नावावर."

"ज्याच्या नावावर केलंय तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली. तो काही विचारायला येणार नाही."

"म्हणूनच तर."

ताईने एक शेंग मोडली, वास घेतला, बाजूला टाकली. "एक विचारू? तुला वाईट वाटतंय ते खोटं केलं म्हणून, का त्याचं श्रेय दुसऱ्याला जातंय म्हणून?"

बाईंनी चपला कोपऱ्यात ठेवल्या. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "दमले मी, ताई. आज तो एवढी स्तुती करत होता, आणि मला नुसतं दमल्यासारखं झालं."

"मग सांगून मोकळी हो," ताई म्हणाली. "ओझं घेऊन निवृत्त होऊ नये. मी झाले होते, म्हणून सांगते."

कसलं ओझं, ते ताईने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कार्यालयात पोचल्या. आप्पा आलेलेच होते. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "त्या पुस्तकाला शुद्धिपत्र काढू या."

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "सव्वीस वर्षांनी? लोक हसतील."

"हसू देत."

"बाई, या प्रकाशनाचं जे काही नाव आहे ते त्या एका पुस्तकावर आहे. बाकीची चाळीस कुणाला आठवतात? तीही तुम्ही आणि मी विसरत चाललोय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि 'करा काहीतरी' कोण म्हणालं होतं? मीच ना? मग शुद्धिपत्रात माझंही नाव घालावं लागेल."

"तुमचं नको. रेष माझी आहे."

आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी शिवणयंत्र चालवून बघत होतं. ते थांबलं तेव्हा आप्पांनी खिशातून पेन काढलं. "मजकूर काय लिहायचा?"

बाईंनी कागद पुढे केला. रात्री त्यांनी दहा ओळी लिहिल्या होत्या. आप्पा संपादक होते, त्यांनी सात खोडल्या. वडिलांचं आजारपण गेलं, छापखान्याची घाई गेली, दिलगिरी दोनदा होती ती एकदाच राहिली. उरलं ते असं: अकराव्या होलच्या मूळ नकाशाचा डावीकडील एक तृतीयांश भाग कसरीने नष्ट झाला होता. छापलेल्या नकाशातील तो भाग नकाशाकर्तीने स्वतःच्या कल्पनेने काढला आहे. याचा उल्लेख न केल्याबद्दल प्रकाशक दिलगीर आहेत.

"दिलगीर मी असायला हवं," बाई म्हणाल्या.

"ते प्रकाशकाचं काम असतं," आप्पा म्हणाले. "आयुष्यात तेवढं तरी मला करू द्या."

छापायला देण्याआधी बाईंनी आर्किटेक्टला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"परवा मी समोर बसलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही चांगलं बोलत होतात. मला ऐकायची सवय नाही. काय करावं सुचलं नाही."

"आमच्या कमिटीला काय सांगू मी? गवत बसलंय तिथे. त्यावर लोक खेळतायत."

"खरं ते सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल."

"मी अख्खं भाषण केलं होतं त्या डाव्या बाजूवर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण रागापेक्षा फजितीच जास्त होती. त्याने 'कळवतो' म्हणून फोन ठेवला.

तीनशे चिठ्ठ्या छापून आल्या. जवळ दोनशे चौसष्ट पत्ते होते. बाईंनी पाच दिवस बसून पाकिटं लिहिली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, त्यामुळे ओळी तिरक्या जात. प्रत्येक पाकीट टाकताना त्यांना वाटायचं, आता याचं उत्तर येईल. कुणी म्हणेल फसवणूक केलीत. कुणी पुस्तक परत पाठवेल.

पहिला फोन आला एका निवृत्त न्यायाधीशांचा. जुने वेडे, प्रत क्रमांक सात.

"चिठ्ठी मिळाली," ते म्हणाले. "पण तुम्ही घडी घालून पाठवलीत."

"हो, पाकीट लहान होतं."

"एक बिनघडीची पाठवाल का? खरं तर दोन पाठवा. एक प्रतीसोबत ठेवायला, एक वेगळी जपायला. चिठ्ठीसकटची प्रत म्हणजे आता वेगळीच गोष्ट झाली."

"तुम्ही तो नकाशा बघितलात का?" बाईंनी विचारलं.

"कुठला?"

"अकरावा."

"अहो, माझी प्रत वेष्टणातून काढलेलीच नाही," न्यायाधीश समजावणीच्या सुरात म्हणाले. "काढली की संपलंच ना सगळं."

महिनाभर असेच फोन येत राहिले. चिठ्ठ्या किती छापल्या, त्यांवर क्रमांक आहे का, आप्पा सही करतील का. रागावलं कुणीच नाही. आप्पा एकदा म्हणाले, "बघा, तुम्ही उगाच घाबरत होतात," आणि हसायला गेले ते खोकत राहिले. बाईंना हसू आलं नाही. त्या मोठ्या पाकिटांत बिनघडीच्या चिठ्ठ्या भरत राहिल्या.

क्लबच्या कमिटीनेही काही ठराव केला नाही. आहे तसं राहू द्यावं, असं ठरल्याचं आर्किटेक्टने दोन ओळींत कळवलं. खाली त्याने फक्त सही केली होती.

मग एका दुपारी अनोळखी आवाजाचा फोन आला.

"नकाशावाल्या बाई का? मी त्या मैदानावरचं गवत बघतो. एकवीस वर्षं झाली. ते अकरावं तुम्ही काढलंय असं आर्किटेक्ट साहेबांकडून कळलं."

बाई खुर्चीत सरळ झाल्या. "हो. डावी बाजू मी काढली."

"मग तुम्हालाच विचारायला हवं. तिथे पाणी थांबतंय बघा. गवत पिवळं पडायला लागलंय. साहेबांना सांगितलं तर ते म्हणतात, मूळ नकाशा आहे, हात लावायचा नाही. आता मूळ नाही असं कळलं, तर म्हणतात, मला विचारू नका. मग विचारायचं कुणाला? येऊन बघाल का एकदा?"

बाई रविवारी सकाळी दोन बस बदलून गेल्या. गवतवाला फाटकाशी उभा होता, पन्नाशीचा, बुटका, गुडघ्यापर्यंत ओला. मोठ्या लोकांशी बोलतात तसा तो बोलला नाही. आपल्याच खात्यातलं कुणी दुसऱ्या गावाहून आलं असावं, तसा तो भराभर पुढे चालू लागला.

अकराव्या ग्रीनच्या कडेला बाई थांबल्या. कागदावर उंची दाखवणाऱ्या दोन रेषांमध्ये चार मिलिमीटर अंतर होतं. इथे तेवढ्यातच जमीन कमरेएवढी उतरली होती. डाव्या बाजूला ती आत वळत होती, रुंदावत होती, खाली सुटत होती. त्यांनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. गवत गार होतं.

"इथे बघा," गवतवाला म्हणाला. तळाशी टाचेखाली पचकन पाणी आलं. "उतार सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण पाण्याला जायला वाटच नाही. तुम्ही वाट ठेवलीच नाहीत."

"मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी पाण्याचा विचारच केला नव्हता."

"कागदावर कुठे पाणी असतं," तो म्हणाला. "आता सांगा, कुठून काढू? तुमचा आकार न मोडता काढायचं आहे."

बाई गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. धड दिसणारा डोळा जमिनीच्या पातळीला आणला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब केला. "इथून. थोडं डावीकडे. सरळ नको, जरा वळवून घ्या. एका जागी खोल करू नका, लांबवर थोडं थोडं उतरवा." गवतवाल्याच्या हातात लाकडी खुंट्यांची जुडी होती. बाई बोट दाखवतील तिथे तो एक एक रोवत गेला. चुकली तर त्या मान हलवत, आणि तो न कुरकुरता उपटून पुन्हा रोवी.

अर्ध्याच खुंट्या लागल्या होत्या तेवढ्यात चार खेळाडू येऊन दूर थांबले. गवतवाल्याने रोवलेल्या खुंट्या काढून घेतल्या, तिथे बोटाने मातीत खुणा ठेवल्या, आणि दोघं कडेला जाऊन उभे राहिले.

"कोण आहेत या?" खेळाडूंपैकी एकाने जाता जाता विचारलं.

"हे ग्रीन यांचं आहे," गवतवाला म्हणाला.

खेळाडूने काय समजायचं ते समजून मान डोलावली आणि तो आपल्या चेंडूकडे गेला. त्याने मारलेला चेंडू झेंड्याच्या दिशेने निघाला, मध्येच आत ओढला गेला, आणि डाव्या उताराने वाकडा होत होत खाली पिवळ्या गवतात जाऊन थांबला. तो चुकचुकला. त्याचे सोबती हसले.

चौघं पुढच्या होलकडे वळेपर्यंत बाई चपला हातात धरून उभ्या होत्या. मग त्या पुन्हा आत गेल्या, खाली बसल्या आणि गवतवाल्याला म्हणाल्या, "हं. पुढची इथे लावा."