फुकट दार

"फुकट? मग नक्कीच खरा ढोल विकलाय तुम्ही," असं म्हणून पोकुआआजीने संग्रहालयाच्या पायरीवरच ठाण मांडलं.

खिडकीतल्या बाडूने कपाळाला हात लावला. एकवीस वर्षं तो इथे तिकिटं फाडत आला होता आणि एकवीस वर्षं गाव म्हणत आलं होतं, तिकीट परवडत नाही. गेल्या महिन्यात वरून हुकूम आला: प्रवेश मोफत, फक्त वहीत नाव लिहून घ्या, महिनाभरात वही भरली नाही तर सगळ्या वस्तू राजधानीत, आक्राला हलवू. झालं भलतंच. पूर्वी येणारी चार माणसंही यायची थांबली. नावं करासाठी घेतात, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे मतांसाठी. आज शेवटचा दिवस होता, वही जवळजवळ कोरीच होती, आणि आता बाडूलाही या फुकट दाराचा संशय येऊ लागला होता.

"आजी, तुमच्या आजोबांचाच ढोल आहे आत. आईशप्पथ!"

"खरा असता तर असं रिकाम्या हाताने आत सोडलं असतंस? वाडवडिलांपुढे कोणी रिकामं जातं का रे?"

"पैसे घ्यायची मनाई आहे मला."

"तुला कोण देतंय?" आजीने पदराची गाठ सोडून दोन अंडी दाखवली. "ही त्यांची. तू हात नको लावूस."

खाण्याचं काही आत न्यायचं नाही, असा नियम होता. बाडूने तोंड दुसरीकडे फिरवलं.

आजीने चपला काढल्या. ढोलाच्या काचेच्या पेटीभोवती ती दोनदा फिरली. "मागे, खाली, विळ्याचा घाव हवा," असं पुटपुटत गुडघ्यांवर बसली. घाव होता. तिने अंडी जमिनीवर ठेवली आणि आवाज न करता रडू लागली. तिकिटावाचून आपण हिला कितीदा हाकललं, ते आठवून बाडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाहेर आली तशी त्याने वही पुढे सरकवली. "आजी, तेवढं नाव..."

"कसली वही ही?"

"पाहुण्यांची."

"मग माझं कशाला? मी घरची."

तिच्या नकळत नाव लिहिणं सोपं होतं. बाडूने पेनाला टोपण लावलं.

"पुढच्या बाजाराला येते परत," चपला घालत आजी म्हणाली. "तोवर सांभाळ हं त्यांना."

"हो आजी," तो म्हणाला, आणि ती वळणाआड जाईपर्यंत खिडकीत उभाच राहिला.