आयडाच्या लग्नातलं कृष्णद्रव्य

चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत मरोळच्या आयडाचं लग्न लागलं, तेव्हा तिची थोरली बहीण विनी मांडवात पोचली ती धापा टाकत, काखेत कॉम्प्युटरच्या छापील कागदांचा गठ्ठा घेऊन. विनी खगोलशास्त्रात संशोधन करायची. महिनोन् महिने चाललेल्या आकडेमोडीचं उत्तर नेमकं त्याच दुपारी हाती आलं होतं. मागोमाग तिचा सहकारी चंद्रप्रकाश, आमंत्रण नसताना, कुलाब्याच्या संशोधन संस्थेपासून वाद घालत घालत थेट मांडवातच शिरला.

केक कापून झाल्यावर, कार्यक्रम चालवणाऱ्या लॉरेन्स अंकलने विनीला स्टेजवर बोलावून तिच्या हातात माइक दिला. "नवरानवरीसाठी दोन शब्द बोल गं."

विनीने पेला उचलला. पाठ केलेलं भाषण डोक्यातून साफ उडालं होतं. हसू मात्र आवरत नव्हतं.

"विश्वात दिसतं त्याहून न दिसणारं जास्त आहे," ती म्हणाली. "त्याला आम्ही कृष्णद्रव्य म्हणतो. ते कशाचं बनलंय, कुणालाच ठाऊक नाही. पण सुरुवातीला त्याचे कण सुसाट पळत असते, तर लहान गुठळ्या जमण्याआधीच विस्कटल्या असत्या. आधी अवाढव्य ढग जमले असते आणि ते फुटून आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका फार उशिरा झाल्या असत्या. आकाशात तसं दिसत नाही. आम्ही आकडेमोडीत हळू चालणारे कण घेतले, तर आज दिसलं की आधी लहान लहान गुठळ्याच जमल्या आणि मग त्या एकमेकींकडे ओढल्या गेल्या."

मढहून आलेली नवऱ्याकडची मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली.

मागून चंद्रप्रकाश उठला. "हे अजून सिद्ध झालेलं नाही."

"हा कोण?" नवऱ्याच्या आत्याने विचारलं. "आपल्याकडचा की मुलीकडचा?"

"पळणाऱ्या कणांकडचा," विनी म्हणाली.

"पोरी, आमच्या ज्युलियसचं काय ते सांग ना," आत्या म्हणाली.

"तेच सांगतेय. ज्युलियस हळू चालणारा. मागणी घालायला किती वर्षं लावली त्याने. धावपळ केली असती, तर जमलं नसतं."

मांडवात हशा उसळला. ज्युलियस कानापर्यंत लाल झाला आणि आयडाने हसत हसत पेला उंचावला.

स्टेजवरून उतरताच विनीने ताटं सरकवून टेबलावर कागद उलगडले. चंद्रप्रकाश खाली वाकला. एका कोपऱ्यावर पोर्क इंदियालचा लाल रस्सा सांडला, तरी त्याचं बोट कणांच्या छापील ठिपक्यांवरून फिरतच राहिलं. चूक सापडेना.

"वाट लागली माझ्या पळणाऱ्या न्यूट्रिनोंची," तो अखेर म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला. आपण हरलो याचा एखाद्याला इतका आनंद होऊ शकतो, हे विनीला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बँड सुरू झाला. आयडाने गाऊन सावरत दोघांनाही ओढून नाचात ढकललं. चंद्रप्रकाशला नाचता येत नव्हतं आणि विनीला थांबता येत नव्हतं. ट्रम्पेटच्या आवाजात तो तिच्या कानाशी ओरडून काहीतरी म्हणाला. तिला त्यातलं 'सोमवारी' आणि 'दुप्पट कण घेऊन पुन्हा' एवढंच ऐकू आलं.

बाकीचं काय असेल ते असो, ती हो म्हणाली.