बरोबर म्हटल्याशिवाय

धाकटीने चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा रबर लावून बांधला आणि स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर, जुन्या रजयांच्या मागे सारला. उतरताना गुडघा कळवळला. वळून पाहते तर पलंगावर बसलेली थोरली तिच्याकडेच टक लावून बघत होती.

“बघताय काय, जाऊबाई? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला कंगवा दाखवून ‘हे काय’ म्हणून विचारायचं, ही थट्टा झाली.”

थोरलीचे ओठ हलले. “चावी,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दावर चिडून तिने डावी मूठ गादीवर आपटली.

अर्धांगाच्या झटक्याला चार महिने होऊन गेले होते. उजवा पाय ओढत का होईना घरातल्या घरात चालू लागला होता, पण शब्दांनी घर सोडलं ते सोडलंच. पाण्याला ती खिडकी म्हणे आणि खिडकीला मंगळवार. त्यातही वाईट म्हणजे हो आणि नाही यांची सरमिसळ झाली होती. भूक लागलेली असताना ती नाही म्हणे आणि पोट भरल्यावर हो. कधी बरोबर म्हणे, कधी उलट, त्याला काही धरबंध नव्हता. समजत मात्र सगळं होतं.

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसून जिने सगळ्या शहराचं बोलणं जोडून दिलं, तिच्यावर ही वेळ यावी याचं धाकटीला वाईट वाटे. आणि खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात थोडं बरंही वाटे. लग्न होऊन या घरात आल्यापासून शेवटचा शब्द नेहमी थोरलीचा. दोघींचे नवरे गेले, मुलं पांगली, तरी मीठ आधी घालायचं की नंतर यावरून त्यांची जुंपायचीच. आता धाकटी एकटीच दोघींच्या वाटचं बोलत होती.

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून एकदा यायची. कार्डं तिचीच. काकू, तुम्ही त्यांचं प्रत्येक वाक्य पुरं करता, जरा थांबत जा, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण थांबणं धाकटीच्या जन्मकुंडलीतच नव्हतं. थोरलीने ‘प’ म्हणायचा अवकाश, की पाणी, पंखा, पांघरूण, पेपर असं सगळं तिच्यापुढे हजर व्हायचं.

मागच्या रविवारी थोरलीचा मुलगा येऊन गेला. त्याच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात वाचा गेलेल्या माणसांचा रोजचा वर्ग भरत होता, सहा महिन्यांचा. आईला तिथे न्यावं असं त्याच्या मनात होतं. इथल्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की जे काही यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, पुढे फारशी आशा धरू नये. शिकवणाऱ्या मुलीला ते अजिबात पटलं नाही. दोन-दोन वर्षांनी बोलू लागलेली माणसं तिने पाहिली होती. धाकटीचं मत तिसरंच. या वयात बाईला पाठीला दप्तर लावून कुठे धाडताय, आपल्या घरात, आपल्या पलंगावर सुखाने राहू द्या.

शेवटी मुलाने आईलाच विचारलं. येतेस ना माझ्याकडे? थोरली “हो” म्हणाली आणि लगेच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“बघितलंस?” धाकटी म्हणाली. “हिचा हो म्हणजे नाही असतो.”

राहायचंय का इथेच, असं विचारल्यावरही थोरली होच म्हणाली. मुलगा बिचारा गोंधळून गेला. येत्या रविवारी काय ते पक्कं करू म्हणाला, आणि चपला घालता घालता काकूला म्हणाला, “तिला काय हवंय ते तुलाच कळणार.” त्या वाक्यावर धाकटीचे पाच दिवस मजेत गेले होते.

कार्डं रजयांमागे गेली तो शुक्रवार होता. दुपारी ती भांडी घासत असताना पलंगाशेजारचा जुना फोन वाजला. हात साबणाने माखलेले, म्हणून तिने वाजू दिला. तिसऱ्या घंटीला तो थांबला.

“नंबर सांगा.”

आवाज थोरलीचा होता. स्पष्ट, थोडासा तोऱ्यातला, चाळीस वर्षांपूर्वीचा. धाकटी हातावरून फेस गळत असताना दारात येऊन उभी राहिली. पलीकडच्याने बहुधा चुकून लावला होता, त्याने ठेवून दिला. थोरली डाव्या हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिली.

धाकटीने शिकवणाऱ्या मुलीला कळवलं, तर तिला फारसं नवल वाटलं नाही. लाखो वेळा म्हटलेली वाक्यं आत कुठेतरी वेगळी मुरलेली असतात, ती कधी कधी सुटी होऊन येतात, म्हणाली. ते खरं बोलणं नव्हे, पण तिथून वाट निघू शकते.

धाकटीने मोबाइल घेतला, गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि घरचाच फोन लावला. जायचं की राहायचं, ते थोरलीला तिच्याच ऑपरेटरच्या भाषेत विचारायचं होतं, आणि उत्तर काय येणार याची तिला खात्री होती. एकदा थोरलीच्या तोंडून आलं, की मुलालाही सांगता येईल.

“ट्रंक कॉल हवाय,” पूर्वी बाहेरगावचा फोन ऑपरेटरकडे मागत तसं ती म्हणाली.

“नंबर सांगा.”

तिने याच घराचा नंबर सांगितला.

“उत्तर नाही,” थोरली म्हणाली. “रद्द करू?”

धाकटी कठड्याला टेकली. घासून गुळगुळीत झालेली वाक्यं, त्यांना काय अर्थ, असं तिने स्वतःला बजावलं. मग मुलाचा नंबर सांगितला. शेवटचा आकडा नऊ होता. तो तिने मुद्दाम चार सांगितला.

एक्स्चेंजचा नियम तिला तोंडपाठ होता, कारण थोरली भाजीची यादीसुद्धा त्याच नियमाने घ्यायची. ऐकलेला नंबर परत म्हणून दाखवायचा, आणि समोरच्याने बरोबर म्हटल्याशिवाय बोर्डात दोरी खोचून फोन जोडायचा नाही.

थोरली एकेक आकडा म्हणू लागली. मध्येच अडली, मागे गेली, पुन्हा निघाली. शेवटच्या आकड्यापाशी बराच वेळ थांबली. गॅलरीत, कोण जाणे कशी, धाकटीही थांबली.

“नऊ,” थोरली म्हणाली. “बरोबर?”

धाकटीने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

“बरोबर?” पलीकडून पुन्हा आलं. या वेळी आवाज ऑपरेटरचा नव्हता.

“बरोबर,” धाकटी म्हणाली.

“जोडते.”

तिने तिथूनच, गॅलरीत उभ्या उभ्या, पुतण्याला फोन लावला. आईचा हो हा होच होता, तिला शिकायला यायचंय, रविवारी येताना मोठी बॅग घेऊन ये, असं सांगून टाकलं. मग त्या दिवशी ती रडली कशाला, असं त्याने विचारलं.

“ते तिला विचार. तिच्या वतीने मी बरंच बोलले रे. आणि विचारलंस की गप्प बसायचं. शब्द सापडेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही, कळलं?”

आत आली तेव्हा थोरलीच्या मांडीवर रिसीव्हर तसाच होता. धाकटीने तो जागेवर ठेवला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“मी,” थोरली म्हणाली. कपाळावर शीर उभी राहिली. “मी… प…”

पाणी, पंखा, पांघरूण, सगळे शब्द धाकटीच्या जिभेवर रांग लावून उभे राहिले. तिने पदराचं टोक दातांत धरलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नळ गळत होता, तिने गळू दिला.

“परत,” थोरली म्हणाली. “परत येईन.”

धाकटीने मान हलवली. थोरलीने डावा हात वर केला. अजून झालेलं नव्हतं. ती कुठल्या तरी खोल फडताळात हात घालून चाचपत असावी तशी डोळे मिटून बसली, आणि मग तिच्या वाकड्या झालेल्या ओठांची एक कड हळूहळू वर गेली.

“भांडायला.”