डॉक्टरीणबाईंचा कंपाउंडर

"सरका, सरका! पेशंटला जरा हवा लागू द्या," असं म्हणत तो रबरी पंप खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये घुसला, तशी मागून बायको म्हणाली, "तुम्हीच सरका आधी. तुमच्यामुळेच तो घुसमटलाय."

पेशंट म्हणजे काकूंचं बेसीन. काठोकाठ भरलेलं. वर साबणाचा फेस, फेसावर टूथपेस्टचं झाकण होडीसारखं डुलत होतं. काकू हात चोळत दारात उभ्या, काकूंच्या मागे काकूंचे दोन शेजारी. कुणाचं बेसीन तुंबलं की त्या इमारतीत अशीच गर्दी जमायची, कारण तमाशा फुकट होता.

तमाशा ठरलेला असायचा. आधी तो. बाह्या वर सारून पंप लावायचा आणि धबाधबा मारायचा. पाणी गुडगुड करायचं, एक बुडबुडा वर यायचा, आणि परत सगळं जिथल्या तिथं. मग तो कपाळावरचा घाम पुसून म्हणायचा, "केस अवघड आहे. ऑपरेशनच करावं लागणार. अगं, जुना पेपर आण, खाली अंथरायला."

"आण म्हणजे काय? येतानाच नाही का घ्यायचा?"

"विसरलो."

"दर वेळी विसरता!"

ती बडबडत पेपर आणायला जायची. हा दार लोटून घ्यायचा. म्हणायचा, पेशंटला विश्रांती पाहिजे. ती पेपर घेऊन आली की हा बाजूला व्हायचा, आणि मग खरा खेळ. बेसीनखाली ती वाटी असते ना प्लॅस्टिकची, गाळ साठायची, कडेला खाचा खाचा असलेली, ती फिरवून काढायची असते. भल्याभल्यांच्यानं ती फिरत नाही. प्लंबर लोक पाना घेऊन लटकतात तिला. आणि ही बाई काय करायची? खाली बादली ठेवायची, दोन बोटं लावायची, नुसती दोन, आणि वाटी सुतासारखी गरगर फिरून हातात यायची. धो धो पाणी बादलीत. मग केसांचे गुंते, साबणाचा चिखल, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांचा अर्धा दात. सगळं काढून, वाटी घासून, परत बसवून ती हात धुवायची त्याच बेसीनमध्ये आणि पाणी वळसा घेऊन खाली पळताना बघत राहायची.

म्हणून ती डॉक्टरीणबाई. अख्खी इमारत तिला तेच म्हणायची, आणि त्याला म्हणायची कंपाउंडर.

असं म्हणतात की तिनं जिन्यात नुसतं पाऊल टाकलं की तुंबलेली बेसीनं भीतीनं आपोआप वाहायला लागायची. मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

ऑपरेशन झालं की तो बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचा. "कंपाउंडरला चहा मिळेल का?" चहा आला की बेडकाची गोष्ट. एका घरात म्हणे बेसीनमधून बेडूक निघाला. पहिल्या घोटाला अंगठ्याएवढा असायचा, कप अर्धा झाला की मांजराएवढा, आणि बशी पुसेपर्यंत त्या बेडकानं बाहेर येऊन अंग पुसायला टॉवेल मागितलेला असायचा.

"आणि तुम्ही दिलात?" कुणीतरी विचारायचंच.

"दिला तर! ओला कसा पाठवणार?"

"लागू नका हो त्यांच्या नादाला," ती आतून ओरडायची. "एक वाटी फिरवता येत नाही या माणसाला, बेडूक काढतोय!"

सगळे हसायचे. सगळ्यात जास्त तोच हसायचा.

तो कापडाच्या दुकानात होता. चाळीस वर्षं तागे उतरवायचे, उलगडायचे, मापायचे, परत गुंडाळून फळीवर चढवायचे. त्यामुळे त्याचे तळवे मऊ होते म्हणून ती चिडवायची. "रेशमात वाढलेले हात," म्हणायची. "कामाचे नाहीत." दिवसाला शंभर तागे वर-खाली करणाऱ्या माणसाची मनगटं कशी असतील, हा विचार तिच्या डोक्यात कधी आला नाही. तिनं कशाला करावा? तिच्या बोटांत जादू होती, आणि ज्याच्याकडे जादू असते तो दुसऱ्याची मनगटं बघत नाही.

आता ही जादू तिला सापडली कधी, तेही ऐका. लग्न होऊन चार महिने झाले होते. घरात सासू, धाकटा दीर, आणि ही नवी नवरी. नवरी हात लावेल ते बिघडायचं. दूध उतू जायचं, कपबशी निसटायची, खिडकीचा पडदा काढायला गेली तर दांडीसकट खाली आला. सासू फार वाईट बाई नव्हती, पण तोंडाला कुलूप नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्या हाताला गुणच नाही हो." असं रोज ऐकलं की हात खरंच थरथरायला लागतात. थरथरले की अजून एक कप फुटतो.

त्यात एके दिवशी बेसीन तुंबलं. दिरानं वाटी फिरवून बघितली, हलली नाही. सासूनं कापड गुंडाळून जोर लावला, हलली नाही. मग हा दुकानातून आला, पंप मारला, घाम गाळला, बायकोला पेपर आणायला पाठवलं, दार लोटून आत काय खुडबुड केली कोण जाणे, आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. "माझ्याच्यानं होत नाही. तू बघ गं."

"ती?" सासू म्हणाली. "ती बेसीनच खाली पाडेल."

तिनं घाबरत घाबरत दोन बोटं लावली. आणि वाटी फिरली.

सासू बघतच राहिली. दीर म्हणाला, "वहिनी, काय हात आहे!" त्या रात्री जेवताना सासूनं पहिल्यांदा तिच्या पानात आधी वाढलं आणि म्हणाली, "हाताला यश आहे हो पोरीच्या." झालं. त्यानंतर म्हणे तिच्या हातून एक कप फुटला नाही. एकही नाही म्हणणं जरा जास्त होईल. दोन फुटले, पण ते मांजरानं पाडले, असं तिचं म्हणणं.

तर अशी चाळीस-बेचाळीस वर्षं गेली. सासू गेली, मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, सून आली. कंपाउंडर निवृत्त झाला आणि पूर्णवेळ बेडूक सांगायला लागला. आणि एक दिवस सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला, तर उजवा हात ऐकेना.

दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. हात थोडा परत आला, पण शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागायची. तिला बघवायचं नाही. ती बटण लावायला पुढे आली की म्हणायचा, "थांब, पेशंट बरा होतोय."

आणि बरोबर त्याच दिवसांत घरातलं बेसीन तुंबलं.

"तुम्ही उठू नका. मी करते, दोन मिनिटांचं काम," ती म्हणाली.

"अहं. आधी कंपाउंडर. नियम म्हणजे नियम."

"कसला नियम? हात बघा जरा स्वतःचा!"

"मला स्टुलावर बसव तिथं. बास."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की ती वाद घालायची थांबली. स्टूल ठेवलं, त्याला धरून नेलं, बसवलं. डाव्या हातानं त्यानं चार वेळा पंप मारल्यासारखं केलं. "आता पेपर आण."

ती पेपर घेऊन आली. दार लोटलेलं. "आणलाय."

आतून आवाज आला, "एक पुरणार नाही. अजून एक आण."

ती परत गेली, परत आली.

"अजून एक."

"अहो, बेसीन आहे की समुद्र?"

"आण गं. ऐक माझं."

तिसऱ्या वेळी तिनं दार ढकललंच. तो स्टुलावर नव्हता. फरशीवर बसला होता, बेसीनखाली डोकं, शर्ट घामानं चिंब, श्वास लागलेला. फरशीवर पाण्याचे दोन-तीन थेंब पडले होते. "हे काय! पडलात का?"

"नाही, पेशंटशी जरा खासगी बोलत होतो." त्यानं डावा तळवा पटकन मिटला, पण तिला दिसलाच. लालभडक, त्यावर ओळीनं वळ उठलेले.

"हाताला काय झालं?"

"पंपाचा दांडा लागला. चल, ऑपरेशन कर."

तिनं दोन बोटं लावली. वाटी फिरली. तो भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता, आणि असा हसत होता जसा काही त्याचाच मुलगा परीक्षेत पहिला आलाय.

"बघितलंस? हाताला यश आहे तुझ्या," तो म्हणाला. "कंपाउंडरला चहा मिळेल का?"

त्यानंतर दीड महिन्यानं तो गेला. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. इमारतीतले सगळे आले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रडता रडता म्हणाल्या, "आता बेडकाची गोष्ट कोण सांगणार?" आणि रडणारे सगळे हसले, आणि मग जास्तच रडले.

इमारतीतल्या लोकांनी समजूतदारपणा केला. बेसीनं तुंबत असणारच, पण कुणी तिला बोलवायला आलं नाही. तीही गेली नाही. पंप मोरीच्या कोपऱ्यात उभा होता, तसाच.

पावणेसात महिने झाले. मुलगा कामासाठी परगावी गेलेला. घरात दोघीच, ती आणि सून. सून गुणी होती, पण त्या दिवसांत तिची काहीतरी साडेसाती चालली होती. ऑफिसात चूक झाली, साहेबानं सगळ्यांसमोर झापलं. घरी आली तर दूध करपलं. ते भांडं घासताना काचेचा पेला फुटला. आणि तोंड धुवायला गेली तर बेसीन काठोकाठ.

ती तिथंच उभी राहिली. सासू धावत आली तर सुनेच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. "माझेच केस असणार, आई. माझ्या हातून काही म्हणजे काही धड होत नाही."

सासूच्या कानाला ते वाक्य ओळखीचं वाटलं. "रडतेस काय? बाजूला हो. डॉक्टरीण घरात आहे ना!"

खाली बसली. बादली सरकवली. दोन बोटं लावली.

वाटी हलली नाही.

तिला वाटलं, बोटं ओली आहेत. पुसली. परत लावली. मग पाची बोटं लावली. मग अख्खा तळवा, दात-ओठ खाऊन. वाटी जशीच्या तशी. असं बेचाळीस वर्षांत झालं नव्हतं. म्हातारी झाले, ती मनात म्हणाली. गेली माझी जादू.

तिनं हात मागे घेतला आणि तळव्याकडे बघितलं. लालभडक झाला होता. त्यावर ओळीनं वळ उठले होते, वाटीच्या खाचांचे.

कोपऱ्यात पंप उभा होता. त्याचा दांडा गोल होता. गुळगुळीत लाकडी दांडा, एक खाच नाही त्याला.

ती बराच वेळ दांड्याकडे बघत राहिली. एकदा वाटीकडे, एकदा तळव्याकडे, परत दांड्याकडे. मग तिच्या डोळ्यांपुढून एकेक बाथरूम गेलं. प्रत्येक वेळी लोटलेलं दार. प्रत्येक वेळी विसरलेला पेपर. आणि फरशीवरचे ते थेंब. त्यावरून ती दर वेळी त्याला बोलायची, पंप मारताना पाणी सांडता म्हणून. बाहेर चहा पिताना कप डाव्या हातात आणि उजवी मूठ मिटून मांडीवर. लोक हसत होते, ती हसत होती, आणि तो बेडकाला टॉवेल देत होता.

"आई? नाही निघत का?" सून दारातून म्हणाली. "प्लंबरला फोन करू?"

"काही नको." तिनं नाक ओढलं. "केस अवघड आहे. जुना पेपर आण, खाली अंथरायला."

"पेपर? आपण पेपर कधीच बंद केला, आई."

"मग काकूंकडून आण. तिसऱ्या मजल्यावर. सावकाश ये, जिन्यात पडशील."

सून गेली. तिनं दार लोटून घेतलं. टॉवेल गरम पाण्यात बुडवून वाटीभोवती गुंडाळला आणि धरून ठेवला. मग टॉवेल काढला, दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवले. नाही. परत. टॉवेल, गरम पाणी, परत. "अहो," ती दात आवळून पुटपुटली, "एवढी घट्ट असते होय ही?"

दारावर टकटक. "आणला, आई."

"एक पुरणार नाही. अजून एक आण."

"अजून?"

"आण गं. ऐक माझं."

सून परत गेली. आणि कितव्या वेळी देव जाणे, कट् असा बारीक आवाज झाला. वाटी अर्धा वळसा ढिली झाली. फरशीवर थेंब पडला, टप. तिनं तो पायानं पुसला. बाहीला तोंड पुसलं, चेहरा पाडला आणि दार उघडलं.

"माझ्याच्यानं होत नाही बाई. तू बघ."

"मी? आई, मी तोडूनच ठेवीन!"

"तोडलीस तर नवी आणू. लाव हात."

सून गुडघ्यांवर बसली. पेपर अंथरला, बादली ठेवली, चुकतमाकत दोन बोटं टेकवली. वाटी गरगर फिरली आणि धो धो पाणी बादलीत आलं.

"आई! फिरली! नुसत्या दोन बोटांनी!" तिच्या गालांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं आणि ती हसत होती. "तुम्हाला नाही आली, मला आली!"

"मग? हाताला यश आहे तुझ्या."

सुनेनं केसांचा गुंता काढला, वाटी घासली, परत बसवली, नळ सोडला. पाणी वळसा घेऊन खाली पळालं. दोघी बघत राहिल्या. मग सुनेचं लक्ष गेलं. "आई, मूठ का अशी? हाताला लागलं का?"

"काही नाही. पंपाचा दांडा लागला." तिनं मूठ अजून घट्ट मिटली आणि बाहेरच्या खोलीतली त्याची खुर्ची ओढून बसली. "कंपाउंडरला चहा मिळेल का?"